दोन शर्टांचा राजा

"मी मरणार नाही. सांगून ठेवतो, चीफ. गणपतीत तर नाहीच नाही, आणि आईसमोर तर मुळीच नाही."

कॅप्टन हे ओरडला तेव्हा आम्ही सिंगापुरात, पासिर रिसला आमच्या इमारतीच्या खाली, खांबाखांबांची जी मोकळी जागा असते तिथे तालीम करत होतो. कॅप्टनचा आवाज हा आवाज नव्हेच, ती वादळाची सूचना आहे. कोपऱ्यात पट मांडून बसलेल्या दोन चिनी आजोबांचे हत्ती-घोडे दचकून एकेक घर मागे सरकले. चांगीला उतरायला आलेलं एक विमान पुन्हा वर गेलं. विमानाचं मी स्वतः पाहिलेलं नाही, पण सहाव्या मजल्यावरच्या आमच्या शेजारणीनं पाहिलं आणि ती बाई खोटं बोलणारी नव्हे.

मरायचं होतं ते नाटकात. आमच्या इथल्या मराठी गणपतीत दरवर्षी एक नाटक होतं. मंडळात निम्मे आम्ही बोटीवरचे आणि निम्मे पुण्या-मुंबईहून आलेले आयटीवाले. किती वर्षं आम्ही एकच फार्स करत होतो, बायकोला घाबरून नवरा कपाटात लपतो तो. शेवटी शेवटी ते कपाट इतकं सरावलं होतं की नवरा संवाद विसरला तर तेच आतून सांगायचं. मंडळी कंटाळली आणि मला म्हणाली, चीफ, यंदा तुम्ही काहीतरी नवं लिहा.

त्या दिवसांत माझ्या लेकीला शाळेत इंग्लंडचा इतिहास होता. जेवणाच्या टेबलावर तिचं पुस्तक उघडं पडलेलं असे आणि मी पोळीबरोबर ते वाचत असे. एक राजा. त्याचं म्हणणं, मला देवानं नेमलंय, मी कुणाला उत्तर देणार नाही. समोर पार्लमेंट. त्यांचं म्हणणं, आम्हाला विचारल्याशिवाय कर बसवायचा नाही आणि कुणाला आत टाकायचं नाही. राजानं सभा बोलवायची, सभेनं गाऱ्हाणी काढायची, राजानं भडकून सभा बरखास्त करायची. एकदा तर अकरा वर्षं बोलावलीच नाही. मग लढाई झाली, राजा हरला, त्याच्यावर खटला भरला, आणि त्याच्याच राजवाड्याबाहेर मचाण बांधून त्याचं डोकं उडवलं.

मी पोळी खाली ठेवली आणि बायकोला म्हटलं, "अगं, हे तर आमचं जहाज."

जहाज ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. जहाजावर दोन देश असतात. वरचा देश म्हणजे ब्रिज, जिथून जहाज हाकतात. तिथे मोठ्या काचा, फिरत्या खुर्च्या, कॉफीचं यंत्र आणि एसी. तिथला राजा कॅप्टन. खालचा देश म्हणजे इंजिन रूम. तिथे आम्ही, आणि मी त्यांचा चीफ इंजिनिअर. उकाडा असा की एकदा मी खिशात अंडं विसरलो आणि वर येऊन काढलं तर सोलून मीठ लावायचं तेवढं बाकी होतं. या दोन देशांमध्ये एक टेलिफोन असतो. वरून हुकूम येतो, स्पीड वाढवा. खालून उत्तर जातं, मशीन आहे, घोडा नाही. आणि एसीचा विषय काढला की जगातला प्रत्येक कॅप्टन एकच वाक्य बोलतो, "तुमच्या कंट्रोल रूमला आहे की एसी." आहे. माझ्या डोक्यावर केस आहेत तसा. आठवणीपुरता.

या कॅप्टनबरोबर मी कितीतरी जहाजं केली. आता मी किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसतो आणि तो अजून जातो, पण तो मला चीफच म्हणतो आणि मी त्याला कॅप्टन. तेव्हा तो सुट्टीवर होता. राजाचं काम दुसऱ्या कुणाला देणार? पार्लमेंटमधले आम्ही पाचही जण इंजिनवाले. सभापतीच्या कामाला जो घेतला तो बोट सोडून जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात लागलेला, पण इंजिनवाला तो इंजिनवालाच. त्याला आम्ही जुरोंगवाला म्हणतो. शेवटी मचाणावर कुऱ्हाड चालवणारा पुण्याचा एक आयटी मॅनेजर होता. त्याला रोल लहान हवा होता, पण इम्पॅक्ट असलेला.

कॅप्टननं "राजा" हा शब्द ऐकला आणि लगेच हो म्हणाला. पुढची पानं उलटली नाहीत. त्याची ती पद्धतच. मी इतकी वर्षं रिपोर्ट लिहून वर पाठवले. पहिलं पान बघायचं, खाली सही ठोकायची आणि कॉफी मागवायची. मी एकदा मधल्या पानावर खिचडीची कृती घातली होती, तीही मंजूर होऊन आली. तर अशी सही ठोकून त्यानं दापोलीला फोन लावला आणि आईला बोलावलं. तिकीट काढलं, पासपोर्ट काढला, पुढच्या रांगेतली खुर्ची सांगून ठेवली. आणि मग त्या संध्याकाळी तालमीत शेवटचा प्रवेश आला.

"इतकी वर्षं मी बोटीवर आहे," तो आता आवाज जरा खाली आणून म्हणाला, म्हणजे फक्त आमच्या ब्लॉकपुरता. "आईनं मला काम करताना एकदा बघितलेलं नाही. फोन केला की एकच प्रश्न, जेवलास का? मी पनामात असू दे नाहीतर सुएझमध्ये, तिला वाटतं दापोलीच्या एसटी स्टँडच्या जरा पुढे आहे. बोटीबद्दल तिनं कधी एक शब्द विचारला नाही. आता पहिल्यांदा तिला दिसणार की आपल्या मुलापुढे माणसं कशी उभी राहतात. आणि तुम्ही पाचजण मला तिच्यासमोर बोकडासारखा आडवा करणार?"

"पण इतिहास आहे, कॅप्टन," जुरोंगवाला म्हणाला.

"इतिहास गेला खड्ड्यात. राजा जिंकतो असं करा. नाहीतर तह करा. मी तुम्हाला माफ करतो, तुम्ही मला हार घाला, आरती करा, विषय संपला."

"मत घेऊ या," मी म्हणालो.

जहाजावर मत घेण्याची पद्धत नसते. त्यामुळे सगळ्यांचे हात वर गेले तेव्हा कॅप्टनला वाटलं, पोरं पाणी प्यायला जाऊ का विचारतायत. तो म्हणाला, "जा." मग लक्षात आलं की आपण हरलो.

तो लाल झाला. "आणि हे गाऱ्हाण्यात काय घुसडलंय? 'महाराज, आपण वर गारव्यात बसता आणि खाली आम्ही उकडतो.' लंडनमध्ये कोण उकडतं?"

"राजवट वाईट असली की कुठेही उकडतं," जुरोंगवाला म्हणाला.

"हे एसीचं आहे. मला कळत नाही असं समजू नका. तुमच्या कंट्रोल रूमला आहे की एसी."

आम्ही पाचही जणांनी एकदम आपापले कागद चाळायला घेतले. असं एकमत पार्लमेंटलाच जमतं.

त्या खालच्या जागेत तालीम करायची परवानगी त्या वर्षी कॅप्टनच्या नावानं काढलेली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं ती रद्द केली आणि ग्रुपवर दोनच शब्द टाकले. "तालमी बरखास्त." लेकीनं फोन वाचला आणि म्हणाली, "बाबा, सेम टू सेम, लाह. आता अकरा वर्षं थांबा." इथल्या पोरांच्या वाक्याला ते 'लाह'चं शेपूट असतंच.

आम्ही थांबलो नाही. आमचं पार्लमेंट हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, भरायला लागलं. तिथे टेबल कसं धरतात हे इथल्या माणसाला सांगायला नको, पण तिकडच्यांसाठी सांगतो. जेवण आणायला उठायचं असेल तर टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं. बस. मग तुम्ही नुडल्स आणायला मलेशियात गेलात तरी चालेल, परत याल तेव्हा खुर्ची तुमचीच. मी मोठमोठे साहेब भर दुपारी ताट हातात घेऊन उभ्याउभ्या जेवताना पाहिलेत, पण रिकाम्या खुर्चीवरचं पाकीट कुणी हलवलं नाही. आम्ही पाचजण पाच पाकिटं ठेवून बसत होतो आणि मटण बिर्याणीवर राजाचा खटला चालवत होतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॅप्टन आला. एकटा नाही, ब्रिजवरचे दोन ऑफिसर डाव्या-उजव्या हाताला घेऊन. पार्लमेंट पकडून परत तालमीच्या जागी न्यायचं आणि शेवट बदलून घ्यायचा, असा त्याचा बेत. जुरोंगवाल्यानं त्याला लांबून पाहिलं आणि बोटीवरचा आगीचा अलार्म झाल्यासारखे आम्ही उठलो. चौघं मागच्या गल्लीतून गेले. मी पळण्यात कच्चा, म्हणून उसाच्या रसाच्या स्टॉलमागे दबलो. माझी लेक माझ्याबरोबर जेवायला आली होती, ती मात्र शेजारच्या टेबलावर निवांत चिकन राइस खात राहिली.

कॅप्टन टेबलापाशी पोचला. पाच खुर्च्या रिकाम्या, पाच पाकिटं. तो खुर्ची ओढणार एवढ्यात ताटं गोळा करणाऱ्या आंटीनं गाडी थांबवली आणि म्हणाली, "अंकल, हॅव पीपल सिटिंग."

"वेअर?" कॅप्टननं रिकाम्या खुर्च्यांकडे हात केला.

आंटीनं पाकिटांकडे बोट दाखवलं. "देअर."

ज्या माणसानं एडनच्या आखातात चाच्यांच्या होडीवर नुसतं ओरडून त्यांना परत पाठवलं होतं, असं तो स्वतः सांगतो आणि मी त्या वेळी खाली असल्यामुळे मला नाही म्हणता येत नाही, तो माणूस टिश्यूच्या पाच पाकिटांपुढे दोन पावलं मागे सरकला. खऱ्या राजाचंही असंच झालं होतं. तो शिपाई घेऊन सभागृहात शिरला पाच सभासदांना पकडायला, आणि पाचही जण आधीच नदीतून बोटीनं निसटलेले. हा प्रवेश तालमीत आला होता तेव्हा कॅप्टननं हरकत घेतली होती ती वेगळीच. बोट सुटली आणि मला कळवलं कसं नाही?

त्यानं दोन्ही ऑफिसरना घरी पाठवलं. मग माझ्या लेकीच्या टेबलावर बसला आणि एक तेह मागवला, म्हणजे आपला दुधाचा चहा, फक्त गोडवा तिप्पट. एवढा मोठा माणूस, पण खांदे पाडून बसला तर शाळेबाहेर उभा केल्यासारखा दिसत होता. मला राहवलं नाही. शिवाय रसवाला तिसरा ग्लास घेतल्याशिवाय लपू देईना. मी बाहेर आलो आणि समोर बसलो.

कॅप्टननं माझ्याकडे बघितलंही नाही. लेकीला म्हणाला, "तुझ्या पुस्तकात त्या राजाबद्दल एक तरी बरी गोष्ट लिहिलीय का गं?"

ती चमचा थांबवून विचार करायला लागली. "काका, द शर्ट्स."

"कसले शर्ट?"

"ज्या दिवशी त्याला मारलं ना, खूप थंडी होती. सो त्यानं दोन शर्ट घातले. थंडीनं कापलो तर लोकांना वाटेल घाबरलो, म्हणून. ही वॉक्ड आउट, नो शिव्हरिंग. वॉर हरला, केस हरला, एव्हरीथिंग हरला. बट दॅट पार्ट ही वन, लाह."

कॅप्टननं कप खाली ठेवला. "दोन?"

"दोन."

"एकावर एक?"

"मग कसे घालणार, काका?"

तो माझ्याकडे वळला. "चीफ, हे तू नाटकात का नाही घातलंस?"

इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदा तू म्हणाला. "मी पार्लमेंटच्या बाजूनं लिहिलंय," मी म्हणालो.

तिथेच तह झाला. राजा मरेल, पण दोन शर्ट घालून, आपल्या पायानं चालत, कुणी दंडाला धरायचं नाही. एसीचं गाऱ्हाणं राहील, पण एकदाच म्हणायचं. आई विचारेल तर सांगायचं की हा राजा घाबरला नव्हता.

पार्लमेंटला मी हे सांगितलं तेव्हा जुरोंगवाला म्हणाला, "चीफ, तो राजाही असंच कबूल करायचा आणि मागल्या दारानं फौज जमवायचा. हा स्टेजवर शब्द फिरवणार. आईला बघितलं की फिरणार." त्याचं खोटं नव्हतं. म्हणून आम्ही कुऱ्हाडवाल्या आयटीवाल्याला बाजूला घेऊन बजावलं की शेवटच्या प्रवेशात राजानं तोंड उघडलं तर वाट बघू नकोस, घाव घाल.

नाटक बिशानजवळच्या एका हॉलमध्ये होतं. त्या हॉलचा एसी. काय सांगू? त्या दिवशी गणपतीपुढचे मोदक कडक झाले. निरांजनातलं तूप थिजलं आणि वात त्यात अडकून बसली. पहिल्या रांगेतल्या एका काकांची शिंक अर्ध्या वाटेत गोठली, ती मध्यंतरात बाहेर गेल्यावर सुटली. एसीचं बटण एका कुलूपबंद पेटीत, आणि पेटीची किल्ली ज्याच्याकडे तो माणूस घरी गेलेला. पार्लमेंटमध्ये असे पाच वीर बसलेले, की ज्यांनी भर समुद्रात, बोट हेलकावत असताना, घराएवढं मोठं इंजिन खोलून पुन्हा जोडलंय. आम्ही पेटीभोवती उभे राहिलो, खाकरलो, आणि परत आलो.

जुरोंगवाला शिफ्ट संपवून कंपनीच्या बसनं थेट आला. कपडे बदलायला वेळ नव्हता, म्हणून बॉयलर सूटवरच सभापतीचा झगा चढवला. गळ्यातला पास झग्याबाहेर लोंबत होता. इंग्लंडच्या इतिहासात फोटोवाला पास घातलेला हा पहिलाच सभापती असावा.

कॅप्टनची आई पहिल्या रांगेत मध्यभागी होती. छोटीशी बाई, सुती साडी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पडदा वर गेला आणि राजा आला.

मला कबूल करायला जड जातं, पण माणूस खरोखर राजा होता. त्यानं सभा बरखास्त केली तेव्हा प्रेक्षकांतले दोघं उठून दाराकडे निघाले. खटल्यात त्यानं टोपी काढायला नकार दिला आणि नुसतं म्हणाला, "तुम्ही कोण मला विचारणारे? तुम्हाला कुणी नेमलं?" तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला. आम्हाला नाही. जुरोंगवाल्यानं सगळा जीव लावून गाऱ्हाणं म्हटलं, "महाराज, आपण वर गारव्यात बसता आणि खाली आम्ही उकडतो," तर मागून कुणीतरी म्हणालं, "थोडा उकाडा इकडेपण पाठवा." हॉल हसला. शंभर तालमी झाल्या असत्या तरी पार्लमेंटला एवढा मोठा पराभव सुचला नसता.

शेवटचा प्रवेश. जेवणाची दोन टेबलं जोडून मचाण केलेलं. टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची कुऱ्हाड घेऊन आयटीवाला उभा. कॅप्टन आला. अंगात त्याचे स्वतःचे, युनिफॉर्मचे पांढरे शर्ट, एकावर एक, खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या काढलेल्या. आपल्या पायानं चालत आला. मचाणावर चढला आणि पहिल्या रांगेकडे बघून थांबला.

थांबलाच.

विंगेत जुरोंगवाला माझ्या कानात म्हणाला, "फिरला."

आयटीवाल्यानं कुऱ्हाड उचलली. कॅप्टननं नुसता हात वर केला. "थांबा." तो ब्रिजवरचा आवाज. त्या आवाजावर मी स्वतः चाळीस हजार टनांची बोट उभी केलेली आहे, तिथे पुठ्ठ्याची कुऱ्हाड काय. ती वरच राहिली. आयटीवाल्याचा श्वासही वरच राहिला. तोंड उघडलं की घाव घालायचं ठरलेलं तो साफ विसरला.

कॅप्टननं वरच्या शर्टाची बटणं काढली. शर्ट काढला, टेबलावरून खाली उतरला, स्टेजच्या पायऱ्या उतरला, आणि आईपाशी गेला. ती पदर दोन्ही हातांनी ओढून कुडकुडत बसली होती. हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि त्याला मरता मरता दिसलं. त्यानं शर्ट तिच्या खांद्यांवर टाकला, पुढून नीट ओढून घेतला. ती त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. त्यानं मान हलवली, परत पायऱ्या चढला, टेबलावर चढला, गुडघे टेकले आणि आयटीवाल्याला म्हणाला, "हं, चालू दे."

आता अंगात एकच शर्ट आणि वर त्या एसीचा झोत. तो कापायला लागला. दात वाजत होते, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होते. ज्याच्यासाठी दोन शर्ट, तेच झालं. कुऱ्हाड पडली, पडदा पडला, आणि लोक उभे राहिले. विंगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या एक वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "काय घाबरलेला राजा उभा केला हो, कुठे शिकले?" जुरोंगवालाही डोळे पुसत होता. विचारलं तर म्हणाला, कारखान्यातलं काहीतरी डोळ्यात गेलंय.

नंतर आम्ही बाहेर टॅक्सीसाठी उभे होतो, कॅप्टन, त्याची आई, मी आणि लेक. बाहेर नेहमीचा उबट, दमट वारा, आणि मला तो आयुष्यात पहिल्यांदा आवडला. मी कॅप्टनला हळूच विचारलं, आई कानात काय म्हणाल्या? "जेवलास का, म्हणाली," तो म्हणाला. मग तो आईच्या भोवती घिरट्या घालायला लागला, धक्क्याला जागा मिळण्याची वाट बघणाऱ्या बोटीसारखा. नाटक कसं वाटलं हे विचारायची त्याची छाती होईना.

आईच्या खांद्यावर अजून तो शर्ट होता. तिनं त्याची कॉलर चाचपली, जिथे पट्ट्या असतात त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं, आणि मान वर करून त्याला विचारलं, "तुझ्या बोटीवरसुद्धा एवढा एसी असतो का रे?"

कॅप्टन उभा राहिला. इतक्या वर्षांत बोटीबद्दलचा हा तिचा पहिला प्रश्न. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी टॅक्सी येतेय का ते बघत होतो, दोन्ही बाजूंना.

"वर असतो," तो म्हणाला. "खाली नसतो."